कपाटात ठेवायचा पासपोर्ट

३ एप्रिल २०२५, गुरुवार

मार्चअखेरचा धुरळा अजून बसायचाय, तोवर शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले दादा न कळवता ऑफिसात येऊन बसले. आज ते खरं तर हानोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात असायला हवे होते. व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळाली नाही, विमानाचं तिकीट वाया गेलं आणि त्यांचं जर्मन गिऱ्हाईक राजकोटच्या कुणाशी तरी बोलणी करून मोकळं झालं. माणूस पेटलेला होता.

"ताई, दुसरा पासपोर्ट घ्यायचा म्हणतोय. किती का पैसे जाईनात."

बॅगेतून गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका काढली. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या मेळाव्यात मिळालेली. सेंट किट्स आणि नेव्हिस. अडीच लाख डॉलर सरकारी निधीत द्यायचे की नवरा, बायको आणि दोन पोरं असे चौघं नागरिक. तिथं जाऊन राहायची अट नाही. युरोपच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाशिवाय फिरा.

"आणि आपला?"

"आपलाबी राहतोय की. एजंट म्हणाला, दुसरा नुसता कपाटात ठेवायचा. अडीनडीला."

मी नागरिकत्व कायदा, १९५५ उघडून कलम ९ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. भारतीय माणसानं आपण होऊन परदेशाचं नागरिकत्व घेतलं, की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. कुणी नोटीस काढत नाही, कुणी सही मागत नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश माणूस हाच पासपोर्ट घेतो तेव्हा त्याच्याकडे खरोखर दोन होतात. आपल्या माणसाकडे एकच राहतो, तो तिकडचा. कपाटात जो पडून राहील तो भारताचा, आणि तो वापरणं गुन्हा. पासपोर्ट कायद्यात त्याला किमान १ वर्ष आणि जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद आहे.

दादा बराच वेळ त्या कलमाकडे बघत बसले. मग म्हणाले, "एवढं त्या हॉटेलात कुणी बोललं न्हाई."

कोण बोलेल? जाताना बातमी सांगितली: स्पेननं आजपासून घरं घेणाऱ्यांचा गोल्डन व्हिसा बंद केला. त्यांना स्पेनशी काही देणंघेणं नव्हतं. मला मात्र त्या पुस्तिकेतलं शेवटून दुसरं पान आजच बाद झालं याची गंमत वाटली.

५ एप्रिल, शनिवार

सेंट किट्सबद्दल वाचत बसले. दोन बेटं मिळून लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. १९८३ साली ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य, आणि १९८४ मध्ये पैसे गुंतवणाऱ्याला नागरिकत्व देणारा कायदा. जगातली ही अशी पहिली योजना. सुरुवातीची वीसेक वर्षं फारसं कुणी फिरकलं नाही.

खरी गोष्ट पुढं आहे. हे उसाचं बेट. तीनशेहून अधिक वर्षं ऊस, आणि तो तोडायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. युरोपनं साखरेला दिलेला जादा भाव आटत गेला, तोटा सरकारच्या गळ्याशी आला आणि २००५ च्या हंगामानंतर साखर उद्योग कायमचा बंद झाला. पुढच्याच वर्षी साखरेतून बाहेर पडण्यासाठी एक निधी उभा केला आणि पासपोर्ट घेणाऱ्यांची देणगी त्या निधीत वळवली. तिथून धंद्यानं वेग घेतला. उसाच्या गाड्या ओढणाऱ्या रेल्वेतून आता पर्यटक फिरतात.

कारखाना बंद पडला की गावाचं काय होतं, हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगायला नको. काटा बंद, टोळ्या बंद, उधारी बंद. या लोकांनी त्या जागी नागरिकत्व गाळपाला घेतलं. मला त्यांचा राग येत नाही. शेजारच्या डोमिनिकानं २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर पडलेली घरं याच पैशांतून बांधली. विकायला दुसरं काही उरलेलं नसताना सार्वभौमत्व विकायला काढलं, आणि गिऱ्हाईकही आलं. देणाऱ्याची बाजू समजते. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक असतं का, एवढाच प्रश्न आहे.

हिशेबाची एक गोष्ट टिपून ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. आणि बेटाची किंमतही नेमकी अडीच लाख. चौकशीचं शुल्क, वकील, एजंट धरले की मर्यादा ओलांडते; म्हणजे वहिनींच्या नावानंही पैसे पाठवायला लागणार. वर १० लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे सुमारे ४० लाख रुपये आधी भरायचे आणि विवरणपत्र भरून नंतर वळते करून घ्यायचे. तोवर फौंड्रीचं खेळतं भांडवल कुठून आणायचं?

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती, ऑफिस बंद. बिंदू चौकाच्या बाजूनं सकाळपासून ढोल.

टीव्हीवर मेहुल चोक्सी. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला हा आरोपी भारताच्या विनंतीवरून बेल्जियममध्ये पकडला गेला. २०१७ च्या अखेरीस यानं अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं होतं. घोटाळा बाहेर आला तो २०१८ च्या सुरुवातीला. गेल्या महिन्यात ललित मोदींचं झालं. वानुआटूनं पासपोर्ट दिला, आणि बातमी फुटल्यावर तिथल्या पंतप्रधानांनीच तो रद्द करायला सांगितलं. या दोन नावांमुळे सरळमार्गी माणसानंही चौकशी केली की बँकेतला अधिकारी भुवई उंचावतो. दादांसारख्याला हा फुकटचा भुर्दंड.

दुपारी घटनेचा दुसरा भाग काढून वाचला. आजच्या दिवशी तेवढं तरी करावं. कलम ९ इथंही आहे, योगायोगानं आकडा तोच: ज्यानं आपण होऊन परकं नागरिकत्व घेतलं तो भारताचा नागरिक नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमं मांडताना बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं, की दुसरं एक कलम सोडलं तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी कशानंच दिली नाही. फाळणी होऊन दोन वर्षं झालेली, माणसं अजून सीमेच्या अल्याडपल्याड जातयेत होती. कोण आपला हे ठरवायचं होतं. म्हणून ही कलमं २६ जानेवारी १९५० ची वाट न बघता २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू केली. दोन नावांत एकेक पाय ठेवायला आपल्या कायद्यानं जागा ठेवली नाही त्याचं मूळ तिथं आहे. ते आजही तसंच असावं का, हा वेगळा वाद. तो मेळाव्यात कॉफी पिता पिता सुटणार नाही.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. गुजरीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. मी गेले नाही.

काल लक्झेंबर्गमध्ये युरोपीय न्यायालयानं माल्टाची योजना कायद्याविरुद्ध ठरवली. हा या बाजारातला सर्वांत महागडा माल होता: साधारण सहा ते साडेसात लाख युरो सरकारला, शिवाय घर आणि देणगी, बदल्यात युरोपीय संघाचं नागरिकत्व, म्हणजे २७ देशांत राहायचा, कमवायचा हक्क. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नागरिकत्व हे देश आणि माणूस यांच्यातल्या निष्ठेच्या नात्यावर उभं असतं. त्याचा सौदा करून एक देश बाकी सव्वीस जणांच्या दारांची किल्ली विकू शकत नाही. गेल्या ऑक्टोबरात न्यायालयाच्याच महाधिवक्त्याचं मत माल्टाच्या बाजूचं होतं. त्यामुळे धंद्यातले लोक निर्धास्त होते.

डॅफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाई माल्टातल्या भ्रष्टाचारावर लिहायच्या, पासपोर्ट विक्रीवरही. ऑक्टोबर २०१७ मध्ये गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना मारलं. सायप्रसची योजना २०२० मध्ये बंद पडली तीही पत्रकारांनी छुपा कॅमेरा नेल्यावर; संसदेचे अध्यक्ष घरी गेले. न्यायालयं आणि सरकारं मागाहून जागी झाली.

दादांना फोन केला. म्हणाले, "आपलं बेट वेगळं की हो. ते कुठं युरोपात?" हे मात्र खरं.

८ मे, गुरुवार

कालपासून टीव्हीवर भारत-पाकिस्तान सीमेशिवाय दुसरं काही नाही. त्या गडबडीत परवाचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मागं पडला: राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना ४ आठवड्यांत काढा. आमच्याकडे मात्र तो कुणाच्याही नजरेतून सुटलेला नाही. संध्याकाळी दादा आणि वहिनी दोघं आले. वहिनींना जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. गेली तीन वर्षं हळदीकुंकवं, बचत गट, हे सगळं त्याच तयारीनं चाललंय.

"तुमच्या त्या बेटाच्या कागदावर माझं नाव आहे का हो?" वहिनींनी दादांनाच विचारलं.

होतं. चौघांच्या पॅकेजात दुसरं नाव त्यांचंच.

मी म्हटलं, "वहिनी, ते नाव राहिलं तर उभं राहणं दूरच, तुम्हाला मतसुद्धा देता येणार नाही."

नागरिकत्व गेलेल्याला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड मिळतं, त्यावर हवं तेव्हा येता येतं, बँक खातं, फ्लॅट, शेअर सगळं चालतं. पण मत नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या माणसालाच. दादांच्या बांधाला लागून दोन एकर यंदा निघणार आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग धाकटीचा विषय निघाला. दहावी झाली, लातूरला नीटच्या क्लासला घालायची ठरलंय. ४ मार्च २०२१ ची गृह मंत्रालयाची अधिसूचना वाचून दाखवली: ओसीआय कार्डधारकांना नीटसारख्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या रांगेत उभं केलं आहे, फक्त भारतीय नागरिकांसाठी ठेवलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. आधी कार्ड घेतलेल्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सोडवलं, पण आता नव्यानं घेणाऱ्याला ती सवलत नाही. म्हणजे शासकीय कॉलेजची जागा गेली आणि एनआरआय कोट्याची फी आली. पोरीला पॅकेजातून वगळता येईल, वहिनींनाही वगळता येईल. मग घरात एकटा बाप परदेशी.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "मग यांनाच जाऊ द्या एकट्याला."

हसलो तिघंही. पण दादांचा चेहरा पडला होता.

१८ मे, रविवार, मडगाव

नणंदेच्या दिराचं लग्न. मांडवात शेजारी एक बाई बसल्या होत्या. मुलगा ब्रिटनमधल्या स्विंडनला गोदामात कामाला, पोर्तुगीज पासपोर्टवर. बाईंच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणून लिस्बनला जन्मनोंद करता येते आणि तिसऱ्या पिढीपर्यंत हक्क जातो. इथं गुंतवणूक नाही. पण जुन्या चर्चमधले दाखले, नावांची स्पेलिंगं, भाषांतरं, वकील, यात काही लाख जातातच.

हे त्या बेटांच्या योजनांहून निराळं. पोर्तुगाल यांना नागरिकत्व विकत नाही. तुम्ही जन्मापासून आमचेच होता असं म्हणतो. भारतानं १९६२ च्या आदेशानं याच माणसांना आपले नागरिक केलं. दोन देश एकाच माणसाला जन्मानं आपलं म्हणतात आणि कलम ९ मध्ये 'आपण होऊन घेतलं' म्हणजे नेमकं कधी, लिस्बनला नोंद केली तेव्हा की पासपोर्ट काढला तेव्हा, यावर गोव्यात आमदारांपर्यंत तक्रारी गेल्या. कित्येकांचे भारतीय पासपोर्ट सरेंडर न घेता रद्दच केले गेले, आणि सरेंडर दाखला नाही म्हणून ओसीआय अडलं. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं रद्द केल्याचा दाखलाही चालेल असं कळवलं तेव्हा वाट मोकळी झाली.

बाईंच्या घरात सासू भारतीय, मुलगा पोर्तुगीज, नातू ब्रिटनमध्ये जन्मलेला. जेवताना त्या म्हणाल्या, घर मोठं आहे, उघडायला माणूस नाही.

१८ जून, बुधवार

दादांचं बेट अखेर गोत्यात आलं. चार दिवसांपूर्वी अमेरिकन वृत्तपत्रात परराष्ट्र खात्याचं एक टिपण फुटलं: प्रवेशबंदीसाठी विचाराधीन ३६ देश. त्यात अँटिग्वा, डोमिनिका, सेंट लुशिया आणि सेंट किट्स. कारणांमध्ये एक कारण स्पष्ट आहे, न राहता पैशांवर नागरिकत्व देणं. आणि काल युरोपीय संघात तडजोड झाली: अशी विक्री करणाऱ्या देशाची व्हिसामाफी थांबवता येईल असा नियम येतोय. वानुआटूची माफी याच कारणानं २०२२ पासून थांबवली आणि गेल्या डिसेंबरात कायमची काढली. ब्रिटननं २०२३ च्या जुलैत डोमिनिकावर व्हिसा लादला.

या धंद्यातली मेख मला इथं दिसते. पैसे घेतो एक देश, आणि माल असतो तिसऱ्याच्या हातात. सेंट किट्सकडे विकण्याजोगं काय आहे? युरोपनं त्याच्या नागरिकांवर टाकलेला विश्वास. तो युरोपनं परत घेतला तर बेट काय भरपाई देणार? दोन कोटींहून जास्त रुपये दिलेल्या माणसाच्या हाती एका दूरच्या, कदाचित सुंदर बेटाचं नागरिकत्व राहील, जिथं तो कधी गेलेला नाही. आणि इकडचं गेलेलं असेल. बेटांनीही धास्तीनं गेल्या वर्षी आपसांत करार करून किमान दर २ लाख डॉलरवर नेला. तोवर एकमेकांचा भाव पाडून गिऱ्हाईक ओढायची स्पर्धा चालली होती.

दुपारी त्या एजंटाचा मलाच फोन. गोड आवाज. "मॅडम, तुमच्याकडे एचएनआय क्लायंट बरेच असतील, प्रत्येक फाइलमागे तुमचं आम्ही बघू." कलम ९ चं विचारलं. म्हणाला, "ते सगळे असंच करतात, मॅडम." मी आयटीआर भरायचे आहेत असं सांगून ठेवला.

९ जुलै, बुधवार

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस धुमाकूळ: १ लाख दिरहम, म्हणजे २३ लाखांच्या आसपास भरा आणि दुबईचा आजन्म गोल्डन व्हिसा मिळवा. वर्तमानपत्रांनीही छापलं. काल तिथल्या सरकारनं असं काही नाही म्हणून जाहीर केलं. खरा नियम आहे तोच आहे: २० लाख दिरहमची मालमत्ता, १० वर्षांचा व्हिसा. नागरिकत्व नाही, म्हणून आपलं भारतीयत्वही शाबूत. मला विचाराल तर व्यापाऱ्यासाठी हा बेटांपेक्षा प्रामाणिक व्यवहार. राहायची परवानगी विकतात, राहायचीच म्हणतात.

तिथला मामेभाऊ फोनवर. त्याच्या मित्राला ग्रेनेडाचं नागरिकत्व घ्यायचंय, कारण ग्रेनेडाचा अमेरिकेशी करार असल्यानं तिथून ई-२ व्हिसावर अमेरिकेत धंदा करता येतो. म्हटलं, ते डिसेंबर २०२२ पूर्वी. आता पैशांवर नागरिकत्व घेतलेल्याला आधी ३ वर्षं ग्रेनेडात खरोखर राहावं लागतं. पलीकडे बराच वेळ शांतता.

त्याचा स्वतःचा प्रश्न कराचा. २०२० पासून ज्या भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो जगात कुठंच करपात्र नाही, त्याला इथला निवासी मानलं जातं. "मग नागरिकत्वच सोडलं तर?" त्यानं विचारलं. सुटशील त्या तरतुदीतून. वर्षातून किती दिवस इथं राहतोस याचा हिशेब मात्र सुटणार नाही. तो मूळच्या भारतीयालाही आहे. मामी इथं एकटी. हिशेब दिवसांवर आला की तो येतो किती, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

२०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, असं सरकारनं संसदेत सांगितलं आहे. लोक हा आकडा या धंद्याच्या जाहिरातीला जोडतात. त्यातले बहुतेक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं नोकऱ्या करून, कर भरून, रांगेत उभं राहून तिथले झालेले असतात. त्यांना बेटांच्या गिऱ्हाइकांत धरू नये.

२४ जुलै, गुरुवार

सोक्षमोक्ष लागला, आणि तो लावला दादांच्या थोरल्यानं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. युरोपीय संघानं एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी केलेला नियम छापून घेऊन आला. गेल्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा २ वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करायचा. त्यानंतर ५ वर्षांचा. दादांचे दोन झालेले आहेत, २०२३ ला डुसेलडॉर्फचं फौंड्रीचं प्रदर्शन आणि गेल्या वर्षीची मशीन बघायची फेरी. अर्ज सहा महिने आधी करता येतो. फी ९० युरो.

"नव्वद?" दादांनी दोनदा विचारलं.

"नव्वद. वर सेंटरचं शुल्क."

बापलेकांची बरीच वादावादी झाली. दादांचं म्हणणं, तरी रांग आलीच की. मुलगा म्हणाला, पुढचं हानोव्हर एप्रिलमध्ये आहे, ऑक्टोबरात रांगेत उभं राहू. वहिनींच्या गटाचं आरक्षण अजून जाहीर व्हायचंय, त्या काही आल्या नाहीत.

उठता उठता दादा म्हणाले, "ताई, मग त्या पैशात सँड रिक्लेमेशनचा प्लांट बसतोय का बघा. वाळू टाकायला जागाच उरली न्हाई." कोटेशन बघितलं. बसतो, आणि उरतातही थोडे. दसऱ्याच्या पूजेला चालू करायचा म्हणतात. दसरा यंदा २ ऑक्टोबरला. तिथून ३१ मार्चपर्यंत १८० दिवस जेमतेम भरतात, म्हणजे घसारा पूर्ण वर्षाचा मिळेल. एक दिवस इकडेतिकडे झालेला परवडणार नाही, हे पुरवठादाराला लेखी कळवायला सांगितलंय.